कळतं, पण वळत नाही : मोठेपणी एडीएचडी कळल्यावर कोचिंग नेमकं काय करतं

प्रश्न थोडक्यात असा : वय 38. मागच्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी, मेंदूच्या वाढीशी निगडित लहानपणापासूनची स्थिती) निदान झालं. औषध सुरू आहे आणि लक्ष पूर्वीपेक्षा बरं लागतं. तरी कामं साचतात, वेळेचा अंदाज चुकतो, हाती घेतलेलं तडीस जात नाही. डॉक्टरांनी कोचिंगचं सुचवलं आहे. पण वेळेचं नियोजन, सवयी, शिस्त यांवर जे काही मिळालं ते सगळं वाचून झालंय. मग कोच आणखी वेगळं काय सांगणार? आणि कोचिंगमध्ये ‘स्वतःला समजून घ्या’ असं म्हणतात, ते प्रत्यक्षात कसं असतं?

‘सगळं वाचून झालंय’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. गेली 14 वर्षं मी एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांबरोबर कोच म्हणून काम करते. पहिल्या भेटीत हे वाक्य आलं नाही असं क्वचितच होतं. यादी करा, मोठं काम तोडून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, हे सगळं येणाऱ्याला माझ्याइतकंच पाठ असतं. म्हणून आधीच सांगते, कोच नवीन काहीतरी सांगेल या आशेने जाऊ नका. कोचिंग म्हटलं की क्लास डोळ्यांपुढे येतो, पण इथे शिकवणं फार थोडं असतं.

‘कळतं पण वळत नाही’ हे आपण टोमणा म्हणून वापरतो. पण एडीएचडीचं याहून नेमकं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ अनेक दशकं हेच मांडत आले आहेत : इथे अडचण माहितीची नसते, माहीत असलेलं ऐनवेळी हातून घडण्याची असते. त्यामुळे मदतही त्या ऐनवेळी आणि त्याच जागी पोहोचावी लागते. रविवारी रात्री उत्साहाने आखलेलं वेळापत्रक मंगळवारी दुपारी तीन वाजता तुमच्या शेजारी उभं नसतं. कोचिंगचा सगळा खटाटोप त्या मंगळवार दुपारसाठी असतो.

औषधाबद्दल एक गोष्ट आधी बोलून घेऊ. औषध चालू ठेवा. एडीएचडीची मूळ लक्षणं कमी करण्यात औषधांइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशालाच नाही. पण औषधाने लक्ष लागतं, ते कशाला लागावं हे औषध ठरवत नाही. औषध सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात चार तास एकाग्र होऊन जुने फोटो फोल्डरांत लावणारी माणसं मी पाहिली आहेत. अहवाल तसाच राहिला होता. शिवाय तुम्ही 38 वर्षं एका विशिष्ट पद्धतीने निभावून नेलं आहे : शेवटच्या रात्रीची धावपळ, मनधरणी, सबबी, दुसऱ्यांनी सांभाळून घेणं. या सवयी औषधाने आपोआप जात नाहीत. नव्या सवयी कुठे बसवायच्या ते बघावं लागतं, आणि त्यासाठी जुन्या कुठे बसल्या आहेत ते आधी दिसावं लागतं.

मोठेपणी निदान होणाऱ्यांची संख्या का वाढली, हे घरचे विचारतातच, म्हणून थोडं सांगते. निदानाचे निकष मूळचे मुलांकडे पाहून लिहिलेले. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या अमेरिकी निदानपुस्तिकेत ते मोठ्यांच्या दृष्टीने थोडे नीट झाले. लक्षणांच्या दोन गटांत प्रत्येकी नऊ लक्षणं आहेत. मुलांमध्ये निदान एका गटातली सहा दिसावी लागतात, वयाच्या 17 वर्षांपासून पुढे पाच पुरतात. लक्षणांची सुरुवात पूर्वी वयाच्या सातव्या वर्षाआधीची धरत, ती आता बारा वर्षांआधीची धरतात. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर दर शंभर प्रौढांमागे साधारण दोन ते तीन जणांना एडीएचडी असतो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा, म्हणजे 70 ते 80 टक्क्यांच्या घरात. म्हणूनच मुलाची तपासणी करायला गेलेल्या कित्येक आईवडिलांना त्या प्रश्नावलीत स्वतःचंच बालपण दिसतं. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुली तर कोणाच्या नजरेतच आल्या नाहीत. त्या आता चाळिशीत माझ्याकडे येतात.

आणि येताना नावं घेऊन येतात. आळशी, वेंधळी, धांदरट, आरंभशूर, धरसोड वृत्तीची. ‘हुशार आहे, पण मन लावून करत नाही’ हा शेरा तर जवळजवळ प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकात असतो. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण स्वतःला समजून घेणं इथूनच सुरू होतं. या नावांच्या जागी निरीक्षण ठेवायचं असतं. ऐकायला सोपं वाटेल. एक प्रसंग सांगते, तपशील बदलून.

मोठ्या जबाबदारीच्या पदावर असलेल्या एक बाई. त्यांचं म्हणणं एकच, ‘मी मेलना उत्तरं देत नाही. मी बेजबाबदार आहे.’ मी म्हटलं, एखादा मेल आत्ताच उघडू. त्यांनी स्क्रीन दाखवली. सहकाऱ्याचा अकरा दिवसांपूर्वीचा मेल होता, बैठकीसाठी दोन तारखा सुचवा, एवढाच. त्यांनी उत्तराची खिडकी उघडली. ‘उशिराबद्दल क्षमस्व’ लिहिलं. पुसलं. ‘गेला आठवडा फार धावपळीचा गेल्यामुळे’ लिहिलं. ते पटेना, म्हणून त्या आठवड्यात खरंच काय काय होतं ते बघायला कॅलेंडर उघडलं. तिथे आणखी एक चुकलेली गोष्ट दिसली. तिचा मेल शोधायला गेल्या. सहा मिनिटं झाली होती आणि पहिल्या मेलमध्ये ‘गेला’ एवढाच शब्द उरला होता.

मी विचारलं, आत्ता काय झालं? त्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तारखा मला तोंडपाठ आहेत. मला माफी लिहिता येत नाहीये.’

हा त्यांचा शोध होता, माझा नव्हे. पहिल्या दिवशी दोन ओळींचं असलेलं उत्तर रोज थोडं थोडं वाढत गेलं होतं, कारण जितका उशीर तितकी मोठी माफी लागणार. अकराव्या दिवशी तो मेल राहिलाच नव्हता, कबुलीजबाब झाला होता. मग आम्ही ठरवलं की उशिराच्या मेलमध्ये पहिली ओळ थेट उत्तराची. माफी असलीच तर शेवटी, आधीच लिहून ठेवलेली एकच ओळ : ‘उत्तराला वेळ लागला, थांबलात त्याबद्दल आभार.’ त्या तासात चार मेल गेले.

‘मी बेजबाबदार आहे’ याचं पुढे काही करता येत नाही, फक्त वाईट वाटून घेता येतं. ‘माफी मागायची वेळ आली की मी अडकते’ याचं मात्र करता येतं. एका वाक्यातून दुसऱ्या वाक्याकडे जाणं, हेच ते स्वतःला समजून घेणं. हे पुस्तकात सापडत नाही, कारण पुस्तकाला तुमची स्क्रीन दिसत नाही. एकट्याला ते जमणंही अवघड असतं, कारण अडकलेल्या क्षणी तुमचं लक्ष स्वतःला बोल लावण्यात गुंतलेलं असतं. शेजारी कोणी न रागावता बघत असेल, तर तुम्हालाही बघता येतं.

वेळेचं गणित असंच. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ सगळीकडे वीस मिनिटं उशिरा पोहोचायचे. घरातून निघायला पाच मिनिटं लागतात, याबद्दल त्यांची पक्की खात्री होती. आम्ही गजर लावला नाही, की काही सुधारायलाही गेलो नाही. फक्त दहा दिवस दोन वेळा कागदावर लिहायच्या : ‘चला, निघतो’ म्हटलं ती आणि दार ओढून घेतलं ती. सर्वांत कमी 14 मिनिटं निघाली, सर्वांत जास्त 31. मधे चाव्या होत्या, चार्जर होता, ‘एवढं एक पाठवून टाकतो’ होतं, अर्ध्या जिन्यातून परत येणं होतं. पाच मिनिटं होती ती नुसती बूट घालून बाहेर पडण्याची. त्यांच्या डोक्यात ‘निघणं’ म्हणजे तेवढंच होतं.

तो कागद बघून ते खट्टू झाले. म्हणाले, म्हणजे घरचे खरं बोलत होते. मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते : तुम्ही खोटं बोलत नव्हता. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरणं हा सगळ्या माणसांचा स्वभाव आहे; डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 सालीच या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ (नियोजनातली चूक) असं नाव दिलं. एडीएचडीत ती जास्त बोचते, कारण वेळ जात असल्याची जाणीवच आतून नीट येत नाही. वेळ दोनच प्रकारची असते : ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’. मग ती आतून येत नसेल तर बाहेर मांडावी लागते. त्या गृहस्थांनी कॅलेंडरमध्ये पोहोचण्याची वेळ लिहिणं बंद केलं. आता ते ‘चला’ म्हणण्याची वेळ लिहितात, दार ओढण्याच्या तीस मिनिटं आधीची. अजूनही कधी कधी उशीर होतो. पण आता का झाला ते सांगता येतं, आणि घरचे भांडण सुरू करायच्या आधी तो कागद आठवतात.

आता काम सुरू करण्याबद्दल. ‘महत्त्वाचं आहे ना, मग बस की करायला’ हे सल्ल्यांमधलं सर्वांत निरुपयोगी वाक्य. एडीएचडीत ‘महत्त्वाचं आहे’ या कारणाने मेंदू सहसा हलत नाही. तो हलतो कुतूहलाने, नवेपणाने, चुरशीने, नाहीतर घाईने. पहिली तीन रोजच्या कंटाळवाण्या कामात सापडत नाहीत, म्हणून माणूस चौथीवर जगायला शिकतो. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि पाणी लागतंही! त्यामुळे ती पद्धत पक्की होते. पण त्याची किंमत शरीर चुकवतं, झोप चुकवते, बरोबर काम करणारे चुकवतात. चाळिशीजवळ ती परवडेनाशी होते, आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच माझ्याकडे येतात.

इथे कोचिंगचं काम म्हणजे घाईऐवजी तुम्हाला हलवणारं दुसरं काय आहे ते शोधणं. काहींना नुसती सोबत पुरते : कोणीतरी समोर किंवा व्हिडिओ कॉलवर आपापलं काम करत बसलेलं असलं की यांचंही सुरू होतं. काहींना तीच सोबत पहारा वाटते आणि हात आणखी गारठतात. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत, म्हणून कोणताही उपाय करून बघितल्याशिवाय मी त्याची शिफारस करत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात मांडलेली एक साधी पद्धत मात्र बऱ्याच जणांना लागू पडते : ‘उद्या अहवाल लिहीन’ असं न ठरवता ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं ठरवायचं. ‘सकाळचा कॉल संपला की हेडफोन न काढता अहवालाची फाइल उघडेन.’ यात लिहिणं नाही, नुसतं उघडणं आहे. हेडफोन का, तर त्या व्यक्तीचं लक्ष हेडफोन काढताक्षणी फुटायचं. अशी बारीक गोष्ट दुसऱ्या कोणाच्या यादीत सापडणार नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं : तिसरा आठवडा. नवी वही, नवं ॲप, नवा रंगीत तक्ता, पंधरा-वीस दिवस छान चालतो. तुम्हालाही हे अनुभवाने माहीत असेल. मग नवेपणा ओसरतो, एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी त्या चुकलेल्या रकान्याकडे बघवत नाही, आणि वही कपाटात जाते. पुढे माणूस म्हणतो, माझ्यावर कुठलीच पद्धत चालत नाही. पद्धत चालली होती. ती बंद पडल्यावर परत कसं यायचं, हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

म्हणून मी पहिल्याच आठवड्यात विचारते : हे बंद पडेल, तेव्हा परत येण्याचं पहिलं पाऊल कोणतं? ते अगदी छोटं लागतं. चुकलेले दिवस भरून काढायचे नाहीत, रकाने कोरे सोडायचे, आजच्या तारखेखाली एक काम लिहायचं. सलग किती दिवस जमलं हे आम्ही मोजत नाही. किती वेळा परत आलात आणि मधे किती दिवस गेले हे मोजतो. एकांची पद्धत पाच महिन्यांत सात वेळा कोलमडली. पहिल्या वेळी परत यायला 19 दिवस लागले, सातव्या वेळी दोन. तुम्ही प्रगती म्हणजे काय असं विचारलंत तर मी हे आकडे पुढे करेन. न कोलमडणारा माणूस घडवायचा नाहीये.

वाढीचा दुसरा पैलू आकड्यांत येत नाही. निदानानंतर आधी हायसं वाटतं, आणि काही आठवड्यांनी दुःख येतं. हे आधी कळलं असतं तर? ती नोकरी, ते अर्धवट शिक्षण, ते नातं? या दुःखाला घाईने बाजूला सारू नये. मी अशा वेळी कामांच्या याद्या बंद करते आणि ऐकते. ‘एडीएचडी म्हणजे वरदान आहे’ हे वाक्य या माणसांपुढे कोणी म्हटलं की मला त्रास होतो. कुतूहल, संकटात थंड डोक्याने काम करणं, आवडीच्या गोष्टीत तासन्‌तास बुडून जाणं, हे गुण मी कित्येकांत पाहिले आहेत आणि कोचिंगमध्ये त्यांचा आधार घेतेच. पण ज्याने वीस वर्षं स्वतःला नालायक समजण्यात घालवली, त्याला वरदान मिळालं असं सांगणं म्हणजे ती वीस वर्षं पुसून टाकणं.

कोचिंगची हद्दही स्पष्ट असावी. कोच निदान करत नाही, औषधांत बदल सुचवत नाही, जुन्या आघातांवर उपचार करत नाही. एडीएचडीबरोबर चिंताविकार आणि नैराश्य पुष्कळदा असतं. सकाळी उठवतच नसेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते काम आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे. मी अशा वेळी कोचिंग थांबवते. झोपेचंही तसंच. एडीएचडी असलेल्या अनेकांचं झोपेचं घड्याळ मुळातच उशिराकडे सरकलेलं असतं, आणि झोपेची चौकशी न करता सकाळचे नियम आखणारा कोच तुमचे महिने फुकट घालवेल.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर औषधांवर आणि प्रौढ एडीएचडीसाठी बेतलेल्या बोधात्मक वर्तन उपचारांवर (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. कोचिंगवरचे अभ्यास त्या मानाने कमी आणि लहान आहेत, त्यांतले बरेच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचे. नियोजन आणि स्वनियंत्रण यांत त्यांना सुधारणा दिसली आहे. कल्पना तशी नवी नाही. एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या मनोविकारतज्ज्ञांनी 1990 च्या दशकात तिला चालना दिली. पण कोच म्हणवून घ्यायला डॉक्टरसारखा परवाना लागत नाही, त्यामुळे पारखून घेणं तुमच्यावर येतं. एडीएचडीचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का, किती प्रौढांबरोबर काम केलं आहे, दोन भेटींच्या मधे संपर्क कसा ठेवणार, ठरलेलं माझ्या हातून झालं नाही तर तुम्ही काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘मग मी तुम्हाला जाब विचारतो’ असं आलं तर तो आणखी एक मास्तर आहे, आणि मास्तर तुम्हाला आजवर पुष्कळ भेटले. औषध बंद करायला लावणारा किंवा एडीएचडी कायमचा घालवतो म्हणणारा असेल तर तिथूनच उठा.

साधारण तीन ते सहा महिने, सुरुवातीला आठवड्याला एक भेट, मधे एखाद-दोन ओळींचे निरोप, पुढे भेटी विरळ, असं माझ्याकडे चालतं. भेटीची वेळ विसरलात तर संकोच करू नका. ज्याच्यासाठी आलात तेच ते आहे, आणि विसरणं नेमकं कुठे झालं हेच त्या दिवशीचं काम होऊ शकतं.

पहिल्या भेटीला जाताना ध्येयांची यादी नेऊ नका. एकच अर्धवट काम न्या, शक्यतो असं, ज्याचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. लॅपटॉप उघडा ठेवा, कोचला शेजारी बसू द्या, आणि त्याच्यासमोर ते सुरू करायचा प्रयत्न करा. जिथे हात थांबेल, तिथून बोलायला सुरुवात करा.